प्रोबेशन नोकरीचे असते, पीएफचे नाही

‘आमच्याकडे प्रोबेशनवर पीएफ कापत नाहीत. कायम झालात की सुरू होईल.’ नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना हे इतक्या सहजपणे सांगितले जाते, की ऐकणाऱ्याला तो नियमच वाटतो. सांगणाऱ्यालाही बहुधा तसेच वाटत असते. चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यांपासून पुण्या-मुंबईच्या छोट्या आयटी कंपन्यांपर्यंत, खासगी रुग्णालयांत, विनाअनुदानित शाळांत ही समजूत पसरलेली आहे. कुठे तीन महिने, कुठे सहा, शाळेत तर दोन-दोन वर्षे. आणि आता या समजुतीच्या बाजूने युक्तिवादही मांडले जातात. माणूस टिकणार की नाही याचा भरवसा नसताना खाते कशाला उघडायचे? नव्या मुलांना हातात चार पैसे जास्त मिळालेले बरे. छोट्या उद्योजकाला हा भार पेलत नाही. आणि शेवटी, कामगारालाच पीएफ नको असतो.

यातला एकही युक्तिवाद मला मान्य नाही. का मान्य नाही, ते इथे सविस्तर मांडतो.

आधी कायदा पाहू. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. आस्थापनेच्या कामात किंवा त्या कामाशी जोडलेल्या कामात वेतन घेऊन राबणारा कोणीही कर्मचारी, मग तो थेट नेमलेला असो की ठेकेदारामार्फत आलेला, अशी त्यातली व्याख्या आहे. ‘कायम’ हा शब्द या व्याख्येत नाही. वगळले आहे ते शिकाऊ उमेदवारांना, म्हणजे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली किंवा आस्थापनेच्या स्थायी आदेशांखाली घेतलेल्यांना. प्रोबेशनवरचा माणूस शिकाऊ नसतो. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालचे नमुना आदेश उघडून पाहावेत. त्यांत कामगारांचे वर्ग दिले आहेत: कायम, प्रोबेशनर, बदली, तात्पुरता, नैमित्तिक, शिकाऊ. प्रोबेशनर आणि शिकाऊ हे तिथे दोन वेगळे वर्ग आहेत. प्रोबेशनर म्हणजे कायम जागेवर तात्पुरता नेमलेला आणि त्या जागेवर तीन महिने पूर्ण न झालेला कामगार, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्याला कायदा ‘कामगार’ म्हणतो त्याला कंपनीचा मनुष्यबळ विभाग ‘अजून आमचा नाही’ कसे म्हणू शकतो?

ही समजूत आली कुठून, याचे उत्तर मात्र इतिहासात सापडते. पीएफची योजना सुरू झाली तेव्हा सदस्य होण्यासाठी वर्षभराची सलग नोकरी किंवा बारा महिन्यांत 240 दिवसांचे प्रत्यक्ष काम अशी अट होती. त्या काळी मालकाने ‘थांब, तुला अजून फंड लागू झालेला नाही’ म्हटले असते तर ते खरे होते. ती मुदत हळूहळू कमी होत गेली आणि 1 नोव्हेंबर 1990 पासून संपली. तेव्हापासून योजनेच्या परिच्छेद 26 प्रमाणे माणूस रुजू झाल्याच्या दिवसापासून सदस्य होतो. ‘होऊ शकतो’ असे नव्हे. त्याला तसा हक्क आहे आणि तसे करणे बंधनकारकही आहे, या दोन्ही गोष्टी त्या परिच्छेदात एकत्र आहेत. आज प्रोबेशननंतर पीएफ सुरू करणारी कंपनी रद्द होऊन पस्तीस वर्षे झालेला नियम चालवते आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही प्रोबेशनवरच्या माणसाला बाहेर ठेवणारा शब्द नाही. उलट तिथे अपवाद आणखी आखडला आहे: 1961 च्या कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार तेवढे वगळले आहेत.

मुळात प्रोबेशन आणि पीएफ या दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. हा माणूस पुढे ठेवायचा का, हे प्रोबेशनमध्ये ठरते. पीएफ विचारतो, या महिन्यात त्याने काम केले का आणि त्याला वेतन मिळाले का. पहिल्याचे उत्तर सहा महिन्यांनी मिळेल. दुसऱ्याचे दर महिन्याच्या मस्टरवर मिळते. सहाव्या महिन्यात माणसाला काढून टाकले तरी त्याने केलेले सहा महिन्यांचे काम पुसले जात नाही. मालकाला पारख करण्याचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही. त्या पारखीचा खर्च कामगाराच्या म्हातारपणातून वळता करण्याचा हक्क मात्र त्याला कोणी दिलेला नाही.

आता ‘हातात जास्त पैसे’ या युक्तिवादाकडे वळतो. तो कनवाळू वाटतो, म्हणून तो आकड्यांत मांडून पाहिला पाहिजे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये असलेला मुलगा घ्या. त्याच्या पगारातून 12 टक्के म्हणजे 1,680 रुपये कापले जायला हवेत आणि तेवढेच मालकाने घालायला हवेत. मालकाच्या 1,680 पैकी वेतनाच्या 8.33 टक्के, म्हणजे 1,166 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 514 रुपये त्याच्या पीएफ खात्यात. याशिवाय विम्यासाठी अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चापोटी अर्धा टक्का मालकाने स्वतंत्रपणे भरायचा असतो. सहा महिने पीएफ कापला नाही तर मुलाच्या हातात 10,080 रुपये जास्त आले. हे पैसे त्याचेच होते, कंपनीने दिलेले नव्हते. पण मालकाचे जे 10,080 त्याला मिळायला हवे होते, ते त्याच्या हातातही आले नाहीत आणि खात्यातही गेले नाहीत. ते कंपनीकडेच राहिले.

पुढचा हिशोबही करू. मुलाचा स्वतःचा वाटा आणि मालकाचे 514 धरून सहा महिन्यांत पीएफ खात्यात 13,164 रुपये जमले असते. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षी व्याजदर 8.25 टक्के होता. तोच दर टिकला असे धरले, तर तीस वर्षांत या रकमेचे सुमारे 1 लाख 42 हजार होतात. दर कमीजास्त होईल, आकडाही बदलेल. पण पहिल्या सहा महिन्यांचे पैसे हे सर्वांत जास्त काळ वाढणारे पैसे असतात, आणि नेमके तेच बुडवले जातात.

पैशाचा हिशोब तरीही दुय्यम आहे. या वादात जी गोष्ट जवळजवळ कोणीच बोलत नाही, ती मृत्यूची. पीएफ म्हणजे म्हातारपणी मिळणारी गंगाजळी एवढेच बहुतेकांना माहीत असते. 1995 च्या पेन्शन योजनेत वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, हेही अनेकांना ठाऊक असते. त्यामुळे ‘सहा महिन्यांत काय पेन्शन मिळणार?’ असे विचारले जाते. पण त्याच योजनेत कुटुंब पेन्शन आहे, आणि तिला दहा वर्षे लागत नाहीत. सदस्य नोकरीत असताना वारला आणि त्याच्या नावावर पेन्शन निधीत एका महिन्याची वर्गणी जरी जमा झालेली असली, तरी त्याच्या पत्नीला दरमहा पेन्शन मिळते. दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला विधवेच्या पेन्शनच्या 25 टक्के रक्कम वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळते. काम करताना कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर त्या पेन्शनलाही एका महिन्याची वर्गणी पुरते. किमान पेन्शन 2014 पासून दरमहा 1,000 रुपये आहे. ही रक्कम लाजिरवाणी आहे आणि ती वाढलीच पाहिजे, तो लढा वेगळा. पण हजार रुपये आणि शून्य यांतला फरक ज्या घरातला कमावता माणूस गेला आहे त्या घराला कळतो. त्यावर 1976 ची ठेवसंलग्न विमा योजना आहे. तिची कमाल मर्यादा 7 लाख रुपये असून नव्या कामगाराच्या वाट्याला त्याहून बरीच कमी रक्कम येते, पण काहीतरी येते.

आता प्रेस मशीनवर, बॉयलरजवळ, उंच मचाणावर कोणाला जास्त धोका असतो, याचा विचार करा. यंत्राची सवय नसलेला, कुठे हात घालू नये हे अजून अंगवळणी न पडलेला, आणि कायम होण्याच्या आशेने कोणत्याही कामाला नाही न म्हणणारा माणूस प्रोबेशनवर असतो. जिथे धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्या कुटुंबाचे छत्र काढून घेतले जाते. कायद्याने ती सदस्यता मिळायलाच हवी होती, असे म्हणून वारसांना नंतर दाद मागता येते, हे खरे. पण दाद मागणारी असते ती नुकती विधवा झालेली बाई. तिच्याकडे ना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), ना पासबुक, कधी नेमणूकपत्रही नाही, आणि समोर कंपनीचा वकील. जे संरक्षण पहिल्या महिन्याच्या चलनाने आपोआप मिळाले असते, त्यासाठी तिला चौकशीच्या तारखांवर तारखा घ्याव्या लागतात. ‘सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे’ म्हणणाऱ्यांनी हे डोळ्यांसमोर आणून बोलावे.

वृद्धापकाळाच्या पेन्शनचीही एक बाजू इथे मोडते. आज एकाच कंपनीत तीस वर्षे काढणारे फारसे उरलेले नाहीत. औद्योगिक पट्ट्यातला कामगार दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, कंपनी बदलतो. प्रत्येक ठिकाणी तीन महिने प्रोबेशन, आणि प्रत्येक ठिकाणी तेवढे महिने पीएफ नाही. अशा चार नोकऱ्यांत मिळून त्याने दहा वर्षे काम केले तरी नोंदीवर नऊच भरतात. सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर सोडून देतात. म्हणजे साडेनऊ वर्षे भरली असती तर तो पेन्शनला पात्र ठरला असता. नऊ वर्षांवर त्याला पेन्शन नाही, फक्त एकरकमी परतावा. चार मालकांनी थोडे थोडे खाल्ले आणि आयुष्यभराचे पेन्शन गेले. यातला कुठलाही मालक ‘माझ्यामुळे’ म्हणणार नाही.

‘माणूस टिकणार की नाही याचा भरवसा नाही’ हा युक्तिवाद एके काळी थोडाफार समजण्यासारखा होता. प्रत्येक नोकरीत नवा खातेक्रमांक, जुन्यातून नव्यात रक्कम हलवायची तर फॉर्मांची चळत. 2014 मध्ये यूएएन आला आणि एका माणसाचा एकच क्रमांक नोकरी बदलली तरी त्याच्याबरोबर जाऊ लागला. जो टिकणार नाही, त्यालाच तर या क्रमांकाची गरज सर्वांत जास्त आहे. शिवाय आता पहिल्याच नोकरीत पीएफ नोंदणी न होण्याचा आणखी एक तोटा आहे. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांसाठी केंद्राची जी रोजगार प्रोत्साहन योजना आहे, तिच्यात पहिल्यांदा पीएफचा सदस्य होणाऱ्याला दोन हप्त्यांत 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या सेवेनंतर आणि दुसरा बारा महिन्यांनंतर. हे सहा महिने मोजले जातात ते नोंदीवरून. नोंदच नसेल तर त्याचे सहा महिने सुरूच होत नाहीत.

छोट्या उद्योजकाची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे बावीस माणसे आहेत आणि मोठ्या कंपनीकडून बिले चार-चार महिने अडकतात, त्याला दरमहा पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत चलन भरणे जड जाते. पण त्याच्या सल्लागाराने त्याला योजनेचा परिच्छेद 32 कधी वाचून दाखवला आहे का? कामगाराचा वाटा ज्या महिन्याचा, त्याच महिन्याच्या वेतनातून कापता येतो. तेव्हा कापला नाही, तर नंतरच्या पगारातून तो वसूल करता येत नाही. अपघाताने झालेली चूक किंवा लेखनिकाची चूक असेल तरच, आणि तीही निरीक्षकाच्या लेखी संमतीने. ‘प्रोबेशनवर कापायचा नाही’ हे धोरण म्हणजे लेखनिकाची चूक नव्हे. उद्या कलम 7 अ खाली चौकशी लागली, तर कामगाराचे 12 आणि मालकाचे 12 असे दोन्ही वाटे मालकाच्या खिशातून जातात. वर कलम 7 क्यू खाली वार्षिक 12 टक्के व्याज, आणि कलम 14 ब खालची नुकसानभरपाई वेगळी. आज महिन्याला 1,680 रुपये वाचवणारा उद्योजक उद्या त्याच महिन्याचे दुप्पट आणि त्यावर व्याज भरतो. ज्या सल्लागाराने ही ‘बचत’ सुचवलेली असते तो तेव्हा सोबत उभा नसतो.

ही सवय तुरळक आहे असेही कोणी सांगू नये. 2017 मध्ये सरकारला खास नोंदणी मोहीम काढावी लागली होती. 2009 ते 2016 या काळात बाहेर राहिलेल्या कामगारांची नोंद मालकांनी स्वतःहून करावी, नुकसानभरपाई वर्षाला नाममात्र एक रुपया घेऊ, असे त्या मोहिमेत सांगितले गेले. 2025 च्या नोव्हेंबरात पुन्हा तशीच योजना आणावी लागली. एवढी सवलत द्यावी लागते, याचा अर्थ बाहेर राहिलेल्यांची संख्या मोठी आहे हे सरकारलाच ठाऊक आहे.

आता दोन खरे अपवाद, कारण त्यांच्या आडून बरेच काही लपवले जाते.

पहिला ‘ट्रेनी’चा. 2006 मध्ये सेंट्रल अरेकानट अँड कोको मार्केटिंग संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थायी आदेशांखाली प्रशिक्षणासाठी घेतलेल्या, विद्यावेतनावरच्या उमेदवारांना शिकाऊ ठरवले आणि पीएफमधून वगळले. तेव्हापासून नेमणूकपत्रावर ‘प्रोबेशन’ खोडून ‘ट्रेनी’ लिहिण्याची पद्धत वाढली. पण त्या खटल्यातले उमेदवार शिकण्यासाठी आलेले होते. जो पहिल्या आठवड्यापासून पूर्ण पाळी करतो, उत्पादनाचे लक्ष्य गाठतो, रात्रपाळीला एकटा लाइन सांभाळतो, त्याच्या पत्रावर काहीही लिहिले तरी त्याचे काम बदलत नाही. न्यायालयांचा कल नावापेक्षा कामाकडे पाहण्याचा राहिला आहे. जानेवारी 2020 मध्ये पवनहंस या हेलिकॉप्टर कंपनीच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचा, मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेला खटला सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाली काढला. कंत्राटी आहेत एवढ्यावरून त्यांना पीएफबाहेर ठेवता येणार नाही, असे ठरले.

दुसरा अपवाद 15,000 रुपयांचा. रुजू होताना ज्याचे पीएफसाठी धरले जाणारे वेतन 15,000 च्या वर आहे आणि जो आधी कधी सदस्य नव्हता, त्याला कायद्याने बाहेर ठेवता येते. त्याला नंतर परस्परसंमतीने सदस्य करता येते, म्हणून अशा माणसाचा पीएफ कायम झाल्यावर सुरू झाला तर त्यात बेकायदा काही नाही. हे मान्य केलेच पाहिजे. पण ही सवलत पगारामुळे आहे, प्रोबेशनमुळे नाही. ज्याचे आधीच्या नोकरीतले खाते जिवंत आहे त्याला ती लागू नाही, आणि 14,000 वाल्याला तर मुळीच नाही. कंपनी दोघांना एकाच ओळीत बसवते, तेव्हा पहिल्याचा अपवाद दुसऱ्यावर लादला जातो. 15,000 ची ही रेषा सप्टेंबर 2014 मध्ये आखलेली आहे. तेव्हापासून किमान वेतनही पुष्कळ वर सरकले. रेषा तिथेच ठेवल्याने दरवर्षी आणखी कामगार तिच्या बाहेर पडतात. ती वाढवण्यातली दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

उरतो शेवटचा मुद्दा, ‘कामगारालाच नको असतो’. हे ऐकताना मला राग येतो, पण ते पूर्ण खोटे नाही. मुले खरेच म्हणतात, ‘साहेब, कापू नका.’ खोलीचे भाडे, मेस, गावी पाठवायचे पैसे, यातून 1,680 रुपये जाणे त्यांना परवडत नाही. आणि त्यांनी मोठ्या भावाचे पीएफचे पैसे अडकलेले पाहिलेले असतात. आधारवर नाव वेगळे, कंपनीच्या नोंदीत वेगळे, वडिलांच्या नावातली वेलांटी चुकलेली, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नाही. अर्ज फेटाळला जातो आणि कारण म्हणून इंग्रजीतली एक ओळ येते. स्वतःच्या पैशासाठी एजंटला टक्केवारी द्यावी लागल्याची उदाहरणे प्रत्येक औद्योगिक वसाहतीत ऐकायला मिळतात. हा दोष भविष्य निर्वाह निधी संघटनेचा आहे आणि तिने तो दुरुस्त केला पाहिजे. तरीही यातून ‘पीएफ नको’ हा निष्कर्ष निघत नाही. किमान वेतनापेक्षा कमी घेतो असे कामगाराने लिहून दिले तरी ते ग्राह्य धरत नाहीत, कारण पोटाची नड असलेला माणूस काहीही लिहून देईल हे कायद्याला माहीत आहे. पीएफ बंधनकारक ठेवण्यामागेही हेच आहे. आणि ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला मालकाचा वाटा जातो आहे, बायकोचे पेन्शन जाते आहे, हे कोणी सांगितलेले असते का? पीएफच्या घोषणापत्राचा फॉर्म 11 त्याच्यापुढे इतर दहा कागदांच्या गठ्ठ्यात सरकवला जातो आणि बोट ठेवून ‘इथे सही कर’ म्हणतात.

काही ठिकाणी तर पीएफ सुरू होतो तेव्हा दोन्ही वाटे कामगाराच्याच ठरलेल्या पगारातून कापले जातात. ‘कायम झालास, आता 24 टक्के.’ कलम 12 प्रमाणे वर्गणी भरावी लागते म्हणून मालकाला वेतन कमी करता येत नाही. प्रोबेशनमध्ये बुडवायचे आणि नंतर दुप्पट कापायचे, हा अन्याय दोनदा होतो.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती कामगार संघटनांनी, कामगार खात्याने आणि पीएफ कार्यालयाने मिळून अमलात आणता येण्यासारखी आहे. बहुतेक कारखाने अपघाताच्या भीतीने कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) नोंद पहिल्याच महिन्यात करतात. त्याच माणसाची पीएफची नोंद तीन किंवा सहा महिन्यांनी होते. दोन्ही यंत्रणा केंद्राच्या एकाच कामगार मंत्रालयाखाली आहेत, दोन्हींकडे आधार क्रमांक आहे. प्रत्येक आस्थापनेच्या ईएसआय आणि पीएफ रुजू तारखा शेजारी शेजारी लावून पाहाव्यात, आणि जिथे फरक दिसेल तिथे कामगाराच्या तक्रारीची वाट न पाहता कलम 7 अ ची नोटीस काढावी. प्रोबेशनवरचा माणूस तक्रार करणार नाही, कारण त्याला कायम व्हायचे आहे.